देवीपुढचं तिसरं पान

माझ्या फोटोंबद्दल बोलायला कुठं बोलावलं की एक प्रश्न ठरलेला असतो. तुमच्या फोटोतलं अन्न इतकं खरं कसं दिसतं? मी सांगते, जे खाता येत नाही ते मी पानात ठेवत नाही. टाळ्या पडतात, कुणीतरी वहीत लिहून घेतं. हे तत्त्व वगैरे काही नाही. एकदा मी अशी घाबरले की त्यानंतर माझा हातच दुसरं काही करायला धजावला नाही, एवढंच. पण व्यासपीठावर असं सांगता येत नाही, आणि का सांगता येत नाही ते शेवटी कळेलच.

शिकले होते मी अगदी उलटं. मुंबईत एका जाहिरातवाल्या फोटोग्राफरकडं दीड वर्ष उमेदवारी केली. तिथं खाण्याचा फोटो म्हणजे न खाण्याच्या वस्तूंचा फोटो. दूध म्हणून सुतारकामाचा पांढरा गोंद. आइस्क्रीम म्हणून बटाट्याचा लगदा. तुपाची चमक हवी असेल तर शिलाई मशीनचं तेल, कारण खरं तूप दिव्यांच्या उष्णतेनं पाच मिनिटांत मुरतं आणि पदार्थ मलूल दिसतो. काम संपलं की त्या सगळ्यावर फिनेल ओतायचं, चुकून कुणी तोंडात घालू नये म्हणून. ओतायचं काम माझ्याकडं होतं. तेव्हा मला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

लग्न झालं आणि मी औरंगाबादला परत आले. तेव्हा गावाचं नाव औरंगाबादच होतं. नवरा इथल्या कॉलेजात शिकवायचा. मी स्टेशन रोडवरच्या हॉटेलांची मेनूकार्डं केली, हिमरू शालींचे फोटो काढले, शहागंजात नान-खलियाच्या देगीसमोर धुरानं डोळे चुरचुरेपर्यंत उभी राहिले. जिथं जाईन तिथं विचारायचे, मॅडम, तुमचे मिस्टर कधी येणार फोटो काढायला? माझं तोंड जरा तिखट. मी सांगायचे, ते आले तर तुमचं बिर्याणीचं ताट कॉलेजच्या ओळखपत्रासारखं येईल. त्यामुळं काही कामं हातची गेली, ती गेली.

मग पुण्याच्या एका प्रकाशकाचं पत्र आलं. मराठवाड्याच्या स्वयंपाकावर आणि सणांवर मोठ्या आकाराचं पुस्तक काढायचं होतं. आधी महालक्ष्म्यांच्या नैवेद्याचा एक फोटो पाठवा, तो पसंत पडला तर अख्खं पुस्तक तुमचं, नाहीतर इकडून माणूस पाठवू. महालक्ष्म्या वर्षातून एकदाच येतात. म्हणजे चुकलं तर चुकलंच. 

माझ्या माहेरी खड्याच्या गौरी. नदीवरून खडे आणायचे, पूजा करायची, संपलं. उभ्या महालक्ष्म्या, साड्या नेसवलेल्या, मुखवटे चढवलेल्या, हे मला लांबूनच माहीत होतं. नवऱ्याच्या ओळखीनं सिडकोतलं एक घर मिळालं. माणसं मूळची गंगापूरकडची, शेती अजून तिकडं, मुलगा वाळूजला कंपनीत. घर चालायचं ते काकूंच्या जिवावर. काकू म्हणजे त्या मुलाची आई, पन्नाशीच्या आतबाहेर, अख्ख्या कॉलनीचे ब्लाउज शिवायच्या. मधल्या खोलीत त्यांचं शिलाई मशीन होतं आणि त्याला त्या रोज सकाळी हळदकुंकू लावायच्या. सून सातव्या महिन्यात होती. आधी दोनदा दिवस राहून गेले होते, त्यामुळं तिला कुणी पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नव्हतं.

काकूंनी मला आधीच बजावलं होतं. त्या दिवशी तीन पानं वाढली जातील. दोन थोरलीची आणि धाकटीची, तिसरं माझं. माझ्या पानाचं मी काय वाटेल ते करावं, देवीच्या पानाला मात्र हात लावायचा नाही. मी म्हटलं, चालेल. मला तरी देवीच्या पानाशी काय करायचं होतं?

पूजेच्या दिवशी सकाळी आठलाच मी दोन दिवे, उजेड मऊ करायच्या छत्र्या, थर्मोकोलचा पांढरा तक्ता आणि पुण्याहून भाड्यानं आणलेला कॅमेरा घेऊन हजर झाले. पुढच्या खोलीत मखरात दोघी उभ्या होत्या. मागं त्यांचे मुखवटे धूसर दिसावेत म्हणून माझं पान मी त्यांच्यासमोरच, चौरंगावर मांडलं. ही माझी पहिली चूक, पण तेव्हा मला ती हुशारी वाटली होती.

पान मी चिमट्यानं आणि टूथपिकनं सजवलं. सोळा भाज्यांची भाजी, आंबील, कढी, वडे, पुरण, आणि मधोमध दोन पुरणपोळ्या. काकू येऊन बघून जायच्या आणि म्हणायच्या, लई बारीक काम हाय तुझं. त्यांनी पोळ्यांवर स्वतःच्या हातानं तूप सोडलं आणि पोळ्यांनी ते माझ्या डोळ्यांदेखत पिऊन टाकलं. पुन्हा सोडलं, पुन्हा प्यायल्या. माझी तेलाची बाटली मी घरी विसरले होते. मधल्या खोलीत जाऊन मी मशीनचा खण उघडला, तर आत लांब नळीची तेलाची कुपी. विचारायला हवं होतं. काकू पुरण वाटत होत्या, म्हटलं कशाला उठवा. ब्रशनं दोन्ही पोळ्यांना तेल लावलं, कुपी खिडकीत ठेवली. पोळ्या अशा उजळल्या की मी मनात स्वतःची पाठ थोपटली.

दोन फोटो झाले आणि घराचा फ्यूज उडाला.

माझ्याच दिव्यांनी उडवला होता, म्हणून तार आणायला मीच निघाले. सणामुळं कोपऱ्यावरचं दुकान बंद होतं. टीव्ही सेंटरपर्यंत पायी गेले, तिथं एकजण शटर अर्धं ओढून बसला होता, त्याच्याकडून तार घेतली. यायला जायला पाऊण तास लागला असेल. गल्लीत शिरले तर आरतीची शेवटची घंटा वाजत होती.

घरात आले तेव्हा पुढच्या खोलीच्या दाराला पडदा लावलेला होता. मधल्या खोलीत घरची माणसं आणि जेवायला बोलावलेल्या पाच सवाष्णी, सगळी गप्प उभी. सून भिंतीला टेकून पाटावर बसली होती. तिनं मला शेजारी बसवलं आणि हळू आवाजात समजावलं, की देवी आत जेवतायत, आता आत कुणी बघायचं नाही. माझ्या कॅमेऱ्यावरही काकूंनी धुतलेलं फडकं टाकलं होतं, त्यालाही डोळा असतो म्हणून.

"आणि माझं पान?" मी विचारलं.

"ते आतच हाय, ताई. आत्याबाई म्हणल्या, देवीपरीस देखणं पान फोटोला कसं ठेवायचं. तुमचंच धाकटीपुढं सारलं. धाकटीचं तुमच्यासाठी वट्यावर झाकून ठिवलंय." सासूला ती आत्याबाई म्हणायची.

म्हणजे तेल लावलेल्या पोळ्या देवीपुढं होत्या. तरी मी मनात म्हटलं, देवी काही खरोखर खात नाही, पडदा उघडला की पान बदलता येईल. मग सून स्वतःशीच हसल्यासारखं करून म्हणाली, "धाकटीचं पान घरातल्या पोटुशीला असतं. सकाळपासून मी नुसतं दूध पिलंय त्याच्यासाठी. आधीच्या दोन टायमाला ह्या दिवसांपर्यंत पोचलेच नव्हते."

पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला त्या पाटाशेजारी कळलं.  डोळ्यांसमोर मुंबईचं ते ताट आणि त्यावर पांढरं होत जाणारं फिनेल. मशीनचं तेल पोटात गेलं तर काय होतं हे मला माहीत नव्हतं. पोट बिघडतं, की आणखी काही होतं? सात महिन्यांच्या पोटात काय होतं? माहीत नव्हतं म्हणूनच जास्त भीती वाटत होती.

बोलायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं, काकू, त्या पोळ्यांना मी मशीनचं तेल लावलंय. दहा मिनिटं होती माझ्याकडं. पण ते म्हणजे, तुमच्या देवीपुढं मी मशीनचं तेल ठेवलं, असं पाच सवाष्णींसमोर सांगणं. मग कसला फोटो आणि कसलं पुस्तक. नवऱ्याला त्या घरात पुन्हा तोंड दाखवता आलं नसतं. आणि खरं सांगायचं तर देवीचीही भीती वाटली. एरवी मी अशा गोष्टींची थट्टा करते. त्या पडद्यासमोर माझी थट्टा कुठल्या कुठं पळाली होती. मी तोंड उघडायचे आणि मिटायचे. भित्री भागूबाई म्हणतात ती मीच.

काकूंनी तीनदा टाळी वाजवून पडदा सारला. धाकटीपुढचं पान दोन्ही हातांनी उचलून आणलं आणि सुनेपुढं ठेवलं. पोळ्या अजून तशाच चमकत होत्या. सुनेनं पानाभोवती पाणी फिरवलं, पोळीचा तुकडा मोडला.

"काकू, ते पान मला द्या," मी म्हणाले.

आवाज माझाच होता, पण चिरका निघाला. सुनेचा हात थांबला. सगळ्या माझ्याकडं बघू लागल्या. सवाष्णींपैकी एकीनं शेजारणीला विचारलं, की बाईच्या लग्नाला किती वर्षं झाली. सहा, असं कुणीतरी सांगितलं. मूलबाळ? नाही. मग त्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवर जे आलं ते बघून मला कळलं, की त्यांना माझं मागणं बरोबर समजलंय, आणि साफ चुकीचं समजलंय. मूल या विषयावर कुणी बोललं की मी अंगावर जायचे. त्या दिवशी मान खाली घातली आणि त्यांना हवं ते समजू दिलं.

काकूंचा चेहरा मात्र कठोर झाला होता. देवीचं पान असं मागून घेतात का, आणि तेही हिच्या तोंडचं? त्या काही म्हणणार तेवढ्यात सुनेनं हातातला तुकडा खाली ठेवला आणि ताट माझ्याकडं सरकवलं.

"घ्या, ताई. माझ्या तर पोटात हायच."

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. मी खाली बसले आणि खाल्लं. आधी पोळ्या, दोन्ही. पुरण गोड होतं, वेलदोडा होता, जायफळ होतं, आणि सगळ्याच्या मागं जिभेवर मशीनची ती गुळगुळीत चव. उलटी येत होती, पाण्याबरोबर गिळत होते. प्रसाद पानात टाकायचा नाही म्हणून शेवटचा तुकडाही संपवला. सवाष्णी म्हणाल्या, कशी श्रद्धेनं खाल्लं बघा. कुणीतरी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

त्यानंतर फोटो काढायचा होताच. फ्यूजची तार तशीच पिशवीत राहिली, दिवे मी लावलेच नाहीत. ओट्यावरचं झाकलेलं पान घेतलं, खिडकीजवळ ठेवलं, आणि आहे तसं टिपलं. पोळ्या मलूल होत्या, तूप मुरलेलं होतं, वाट्या काकूंनी ठेवल्या तिथंच होत्या. मी त्यातल्या एकाही वाटीला हात लावला नाही. तेव्हा त्यात कसलीही कला नव्हती. मला त्या घरातल्या कशालाही हात लावायची भीती वाटत होती.

दोन दिवस मला उलट्या आणि जुलाब झाले. नवरा चिडवत राहिला, लोकांकडं पुरणपोळ्या बघितल्या की तुला भान राहत नाही. डॉक्टरांना मी खरं सांगितलं नाही. तेलकट पोळ्यांचे दोन्ही फोटो धुऊन आले ते मी कात्रीनं बारीक कापून टाकले, खिडकीजवळचा पुण्याला पाठवला. प्रकाशकाचं उलट टपाली पत्र आलं. असा साधा, खरा फोटो आम्ही बघितला नव्हता, पुस्तक तुमचंच. माझी सगळी वाटचाल त्या पत्रापासून सुरू झाली असं मी मुलाखतीत सांगते.

पण ते पत्र वाचून मला आनंद झाला नाही. भीती गेलीच नव्हती, नुसती सरकली होती. तेल तिच्या पोटात गेलं नाही, ठीक. पण आता तिचं पान मी खाल्लं होतं. पुढं काही वाईट झालं असतं तर तिच्या तोंडचा प्रसाद मी ओढला म्हणूनच झालं, असं घर म्हणालं असतं, आणि मी त्यांना काय सांगणार होते? रोज संध्याकाळी मी भाजी आणायच्या निमित्तानं सिडकोत चक्कर मारायचे. भाजी आमच्या दारावर मिळायची. त्यांच्या गच्चीवर तिची जांभळी साडी वाळत घातलेली दिसली की जीव भांड्यात पडायचा. एकदा तीन दिवस ती साडी दिसली नाही आणि मला जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी नवरा सहज बोलून गेला, ती माहेरी वैजापूरला गेलीय, बाळंतपण तिकडंच.

दिवाळीनंतर निरोप आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी स्वयंपाकघरात फरशीवर बसून रडले. नवऱ्यानं मनात काय समजायचं ते समजून घेतलं आणि मला चहा करून दिला.

सव्वा महिन्यानं सून सासरी आली आणि त्यांनी बारसं सिडकोतच केलं. फोटो काढायला मलाच बोलावलं. पाळणा हलला, नाव ठेवलं गेलं, बायका पाळणा म्हणत होत्या. काकूंनी मला खूण केली आणि मधल्या खोलीत नेलं. पाट मांडलेला होता, समोर पान वाढलेलं. पुरणपोळी, आणि शेजारी तुपाची वाटी.

"खा," त्या म्हणाल्या. "आज तूपच हाय."

मी उभीच राहिले. त्यांनी मशीनचा खण उघडला आणि तेलाची कुपी काढून माझ्यापुढं धरली. सांगितलं, की त्या दिवशी दिवेलागणीला ती खिडकीत सापडली, शेजारी माझा ब्रश. ब्रशला पुरण चिकटलेलं. तीस वर्षं मशीन चालवतेय, वास कळत नाय व्हय मला?

 मी म्हणाले, काकू, तुम्ही मला तेव्हाच का बोलला नाहीत? घरातून हाकललं असतंत तरी चाललं असतं.

त्या खाली बसल्या. आवाज अगदी बारीक झाला. "कसं बोलू, पोरी? माखलंस तू, पण देवीपुढं ठिवलं मी. सुनेपुढं बी मीच ठिवलं. तू मागितलं नसतंस तर माझ्या हातानं तिनं खाल्लं असतं. दोन म्हैने माझ्या डोळ्याला डोळा नाय. रोज वाटायचं, आज काय तरी होतंय. घरात कुणाला सांगू?"

दोन महिने मी त्यांच्या गच्चीवरची साडी बघत होते. खाली घरात त्या काय बघत असतील हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला वाटत होतं की घाबरलेली मी एकटीच आहे. मी त्यांचे पाय धरले. त्यांनी धरू दिले, मग हात सोडवून पानाकडं बोट केलं. आम्ही दोघी त्या एका पानात जेवलो. मी सुनेबद्दल विचारलं, वहिनींना ठाऊक आहे? त्या म्हणाल्या, नाय, आन् तू बी सांगू नको, तिनं लई मन मोठं करून दिलंय ते.

तेवढ्यात सून आत आली. मुलगी तिनं माझ्या मांडीवर ठेवली, नीट, डोक्याखाली हात देऊन.

"ताई, तुमचं बी होईल बघा. माझं पान तुम्हाला दिलं आन् तरी मला ही भेटली, मग तुम्हाला का नाय? नाय झालं तर दरसाल धाकटीचं पान तुम्हाला पाठवीन."

काकूंनी माझ्याकडं बघितलं नाही, मीही त्यांच्याकडं बघितलं नाही.

मला मूल झालं नाही. आम्हाला त्याचं तितकं दुःखही नाही, पण हे सुनेला पटत नाही. काकू जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती मुलगी इंजिनिअर होऊन पुण्याला असते. तिची आई मात्र दर महालक्ष्म्यांना केळीच्या पानानं झाकलेलं ताट माझ्याकडं पाठवते. माझी पन्नाशी उलटली तेव्हा मी सांगून बघितलं, आता कशाला पाठवता. ती म्हणाली, शब्द दिलाय. हे लिहितानाही एक मन म्हणतंय की कुणीतरी तिला वाचून दाखवील. तरी तिच्यासमोर बसून सांगायचा धीर अजून होत नाही. ताट येतं, मी दार लावून घेते, आणि पानातलं सगळं संपवते.